डाव्या पायाचा ठेका

डावरीला डावरी हे नाव पहिल्यांदा कुणी दिलं, यावरून त्या घरात आजही एकमत नाही. आई म्हणते मावशीनं, बाबा म्हणतात बालवाडीच्या बाईंनी. कागदोपत्री नाव वेगळं आहे, चांगलंही आहे, पण ते फक्त बँकेत आणि चष्म्याच्या दुकानात चालतं. घरात, जिन्यात, बँडमध्ये ती डावरीच. चमचा डाव्या हातात, कंगवा डाव्या हातात, दाराची कडी काढायलाही डावाच हात पुढे. पहिलीत असताना बाईंनी तिची पेन्सिल उजव्या हातात कोंबायला सुरुवात केली, तेव्हा आई शाळेत गेली. भांडायला गेली, असं बाबा अजून चारचौघांत सांगतात. आईचं म्हणणं, भांडण कसलं, मी फक्त एवढंच विचारलं की अक्षर वाचता येतंय ना, मग ते कुठल्या हातानं काढलंय याच्याशी तुम्हाला काय करायचंय. काही का असेना, पेन्सिल डावीकडे राहिली ती कायमची.

ड्रमचं वेड लागलं तेही शाळेतच. संगीताच्या खोलीत एक जुना ड्रमसेट होता आणि तो अर्थातच उजव्या माणसासाठी मांडलेला. ज्यांनी तो जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. बसणाऱ्याच्या समोर जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा ड्रम असतो, तो पायानं पेडल दाबून वाजवायचा. सगळ्या गाण्याचा पाया तो. उजव्या माणसाचा उजवा पाय त्या पेडलवर असतो. त्याच्या डाव्या हाताला एकावर एक बसवलेल्या दोन झांजा असतात, आणि उजव्या हाताला तीन पायांवर उभा असलेला पिंपासारखा ड्रम. त्याला फ्लोअर टॉम म्हणतात. डावरीला हे सगळं आरशात दिसल्यासारखं लागतं, म्हणजे पेडल डाव्या पायाखाली, झांजा उजवीकडे आणि ते पिंप डावीकडे.

संगीताच्या सरांनी सांगून टाकलं होतं की वाजवायचं तर आहे तसं वाजव, सामान हलवायचं नाही. डावरीनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा उघडायच्या वेळेला जायला लागली. शिपाईदादा खोली झाडायचे तेवढ्यात ही अख्खा सेट फिरवायची, वाजवायची, आणि सर यायच्या आत पुन्हा जसाच्या तसा लावून ठेवायची. आई इकडे शेजारणीला कौतुकानं सांगत होती की आमची हल्ली सकाळी लवकर अभ्यासाला जाते. खरा प्रकार शिपाईदादांनीच एकदा भाजीच्या दुकानात सांगितला. आईनं घरी येऊन आधी रागवायचं ठरवलं होतं, पण दारातच विचारून बसली की एवढं जड सामान उचलतेस, कंबर दुखत नाही का?

पुढे डावरीनं चष्म्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि बाजारातल्या मोठ्या दुकानात नोकरीला लागली. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, फ्रेम नाकावर नीट बसवून द्यायची. तिथे आलेल्या माणसाला ती सगळ्यात आधी विचारते की दिवसभर तुम्ही बघता कुठे. शिंप्याची नजर हातभर अंतरावर असते, ड्रायव्हरची लांब, आणि बँकेतल्या माणसाची एकदा गिऱ्हाइकाकडे, एकदा पडद्याकडे. हे कळल्याशिवाय चष्मा करून उपयोग नाही, असं तिचं म्हणणं. बरेच लोक सांगतात ते एक आणि बघतात ते दुसरीकडेच, असंही ती हसत सांगते.

संध्याकाळी ड्रम. घरातली मागची खोली तिनं जुन्या गाद्या भिंतीला लावून भरून टाकली, ड्रमवर रबराच्या चकत्या चढवल्या, खाली आईनं दिलेला जाड गालिचा अंथरला. त्या गालिच्यावर रंगीत चिकटपट्ट्या लावून प्रत्येक स्टँडचा पाय कुठे येतो याच्या खुणा केल्या. गालिचा टाकला की पाच मिनिटांत सेट उभा. इतकं करूनही खालच्या मजल्यावरचे वकील एकदा बाबांना जिन्यात म्हणाले, आमच्या दिवाणखान्यातल्या दिव्याला आता ताल कळायला लागलाय. बाबा म्हणाले, मग त्यालाही घेऊन जाईल ती, बँडमध्ये माणसं कमीच असतात.

आईला मात्र असं हसण्यावारी नेता येत नसे. तिची पदवी होती, वाचन होतं, मुलीनं आवडीचं करावं असं मत होतं, आणि त्या मताच्या बरोबरीनं छातीत सतत धडधड होती. कानांचं काय होईल, मनगटांचं काय होईल, रात्री हॉटेलांतले कार्यक्रम संपल्यावर ही घरी कशी येईल. डावरी घराबाहेर पडताना आई ‘जपून जा’ म्हणत नसे, ‘कानात बोळे घातलेस का’ म्हणत असे. त्याचा अर्थ तोच होता.

आणि मग तो बँड आला.

ज्यांची गाणी डावरीच्या पिढीनं शाळेच्या सहलीत घसा बसेपर्यंत म्हटली होती, असा तो बँड. वीसेक वर्षं गावोगाव वाजवत आलेला. मधल्या काळात त्याचा जुना ड्रमर खांद्यानं अधू झाला आणि गिटार वाजवणारा परदेशात मुलाकडे राहायला गेला. उरले दोघं. एक कप्तान, म्हणजे गाणारा, जो दिवसा रंगांचं दुकान चालवतो आणि ज्याला सगळे कप्तान म्हणतात कारण तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. दुसरे बासकाका. बास म्हणजे जाड तारांची गिटार, जिचा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त लागतो. बासकाका पंचावन्नच्या पुढचे, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं आणि तिखट. दोघांनी ठरवलं की नवी माणसं घेऊन पुन्हा दौरा करायचा. गिटारला शाळेत गणित शिकवणारा एक तरुण मिळाला, त्याचं नाव लगेच मास्तर पडलं. ड्रमला बरेच जण येऊन गेले. डावरी वाजवत असताना कप्तान डोळे मिटून बसला आणि डोळे उघडले तेव्हा म्हणाला, ही.

बासकाकांनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. एवढंच म्हणाले की सगळं उलटं मांडते. कप्तानानं मग हातचं राखून ठेवलं. डावरीला सांगितलं, आधी दौरा होऊ दे, मग कायमचं बघू. स्टुडिओत वाजवणाऱ्या एका दुसऱ्या ड्रमरला सांगून ठेवलंय, हेही त्यानं लपवलं नाही.

डावरीनं दुकानातून सगळी साठलेली रजा घेतली. गालिचा गुंडाळून बँडच्या गाडीत टाकला आणि निघाली. आई गॅलरीत उभी राहून गाडीचे टायर बघत होती. बाबांनी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, गुळगुळीत वाटतात.

पहिल्या गावाहून फोन आला तो बरा होता. बरं झालं, गर्दी होती, जेवले, झोपते. पण मुलगी ‘बरं’ म्हणाली की ते किती बरं आहे हे आईला आवाजावरून कळतं. दुसऱ्या गावाहून आलेला फोन त्याहून छोटा होता. तिसऱ्या गावानंतर मात्र डावरीला सांगावंच लागलं.

ड्रम आणि बास एकमेकांवर बसत नव्हते. डावरीचा पाय पडायचा आणि बासचा सूर त्याच्या किंचित मागून यायचा, दार बंद होतं पण कडी बसत नाही तसं. ऐकणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण पाय ठेका धरता धरता थांबतात. तिसऱ्या गावात मागून कुणीतरी ओरडून विचारलं होतं की जुना कुठे आहे. बासकाकांचं म्हणणं सरळ होतं, मुलगी धावते, म्हणजे ठेक्याच्या पुढे पळते. गेली वीस वर्षं मी कानानं वाजवतोय, असं ते म्हणत, माझा कान मला फसवणार नाही. डावरीनं तिन्ही कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग घड्याळ लावून ऐकलं होतं. ती धावत नव्हती. पण हे पांढऱ्या मिशांसमोर कोण बोलणार?

शेवटी गाडीत कप्तानानं निकाल दिला. चौथ्या गावात सेट सरळ, म्हणजे उजवा मांडायचा. काकांना ज्याची सवय आहे तसं सगळं दिसू दे. नाही जमलं तर पाचव्या गावापासून तो दुसरा येईल. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, असंही तो म्हणाला, आणि ते खरं असल्यामुळे डावरीला जास्तच लागलं.

हे ऐकून आई घाईघाईत म्हणून गेली, “अगं मग दौऱ्यापुरतं वाजव ना उजवं. येतं की तुला थोडंफार.”



“येतं,” डावरी म्हणाली. “थोडंफारच येतं. म्हणजे मग थोडीफार ड्रमर म्हणून राहीन मी.”

फोन ठेवल्यावर आईनं बाबांकडे बघितलं. बाबा टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाले की चौथं गाव तसं जवळ आहे, सकाळच्या बसनं निघालं तर दुपारी पोचू. बायकोला तीन वाक्यं वाचवायची त्यांना सवय होती.

चौथ्या गावातलं सभागृह एका कारखान्याचं होतं. लांबट, छत पत्र्याचं, खुर्च्या घडीच्या. आईबाबा डबा घेऊन पोचले तेव्हा मंचावर आवाजाची तपासणी चालली होती. डावरीनं हात केला पण उतरली नाही. आईनं आधी सेट बघितला. डावाच मांडलेला होता. कप्तान त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

“ठरलं होतं ना आपलं?” तो म्हणाला.

डावरी म्हणाली की फिरवायला पाच मिनिटं लागतात मला, आधी आवाज बघून घेऊ, मग फिरवते. कप्तानानं घड्याळाकडे बघून मान हलवली.

आईबाबा तिसऱ्या रांगेत बसले. एक गाणं झालं आणि आईला, जिला संगीतातलं फार कळत नाही, तिलासुद्धा कळलं की कडी बसत नाहीये. बासकाका मंचाच्या एका कडेला, डावरीच्या डाव्या हाताला, मान किंचित वळवून वाजवत होते. कपाळावर आठी. गाणं संपल्यावर ते म्हणाले, “पोरी, तुझी बस सुटतेय का कुठली?”

मास्तर हसला आणि मग आपण हसायला नको होतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

तेवढ्यात त्या पिंपासारख्या फ्लोअर टॉमचा एक पाय घसरला आणि ते कलंडलं. पायाचा स्क्रू झिजला होता. कारखान्याचा एक फिटर तिथेच बसला होता, तो म्हणाला आणा इकडे, दहा मिनिटांत नवा बसवून देतो, आणि ड्रम काखेत मारून गेला. कप्तान म्हणाला, वेळ नाही, त्याच्याविना करू पुढचं.

आणि पुढचं गाणं सुरू झालं ते वेगळंच. पहिल्याच फेरीत बास आणि ड्रम एकमेकांत असे गुंतले की पत्र्याच्या छताखाली काहीतरी भरून आल्यासारखं वाटलं. बाबांचा पाय हलायला लागला. मास्तरनं डोळे मिटले. बासकाकांच्या कपाळावरची आठी कुठे गेली कळलंच नाही. लागोपाठ दुसरं गाणं घेतलं, तेही तसंच. कप्तान माइकवर म्हणाला की आज सगळ्यांची झोप झालेली दिसतेय.

फिटर ड्रम घेऊन आला. जागेवर ठेवला. पुन्हा गाणं सुरू केलं आणि पुन्हा तेच. कडी बसेना.

“लागली धावायला,” बासकाका म्हणाले.

डावरीनं काठ्या बाजूला ठेवल्या. उठली, सेटला वळसा घालून बासकाकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिथून आपल्याच रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली. मग त्यांना अगदी सहज, दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, “काका, वाजवताना तुम्ही बघता कुठे?”

“बघायचंय काय त्यात? मी ऐकतो.”

“बरं,” डावरी म्हणाली, आणि कप्तानाकडे जेवणापुरती सुटी मागून खाली आली.

आईनं डबा उघडला. डावरी खुर्चीवर मांडी घालून बसली आणि पहिल्या घासाबरोबरच हळू आवाजात म्हणाली, “आई, ते ऐकत नाहीत. ते पाय बघतात.”

आईला काही कळलं नाही. मग डावरीनं डब्याची झाकणं मांडून दाखवलं. जुना ड्रमर उजवा. त्याचं पिंप पलीकडे. बासकाका वीस वर्षं अशा बाजूला उभे राहिलेत की तिथून त्याचा पेडलवरचा पाय स्पष्ट दिसायचा. पाय खाली गेला की काकांचं बोट तारेवर. त्यांनासुद्धा ते ठाऊक नाही, इतकं ते अंगात मुरलंय. आता माझा सेट उलटा, काका आपल्या जुन्याच जागेवर, आणि त्यांच्या आणि माझ्या पायाच्या मध्ये ते पिंप येऊन उभं राहिलंय. ते नव्हतं तेव्हा दोन गाणी कशी झाली बघितलीस ना?

आईचा जीव एकदम भांड्यात पडला. म्हणाली, मग झालंच की, जा आणि सांग त्यांना.

“काय सांगू? ते वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेत की मी कानानं वाजवतो. कार्यक्रमाला दोन तास राहिलेत. आता जाऊन म्हणू, नाही काका, तुम्ही डोळ्यांनी वाजवता? आज हात थरथरेल त्यांचा.”

“मग त्यांना दुसऱ्या बाजूला उभं राहायला सांग.”

“ती त्यांची जागा आहे आई. कप्तानाची हिंमत नाही सांगायची.”

बाबा डब्यातला शेवटचा घास उचलत म्हणाले, मग पिंपाला सांग, त्याला काही मान-अपमान नाही.

डावरी बाबांकडे बघत राहिली. तिच्या मनात तेच चाललं असावं, कारण ती हसली नाही. तिनं हात धुतले आणि मंचावर गेली.

तिनं तो फ्लोअर टॉम डावीकडून उचलला आणि उजवीकडे, झांजांच्या पलीकडे नेऊन ठेवला. ऐकायला एवढीच गोष्ट. पण ज्याचे हात इतकी वर्षं एका दिशेनं धावत आलेत त्याच्यासाठी ती एवढीच नसते. गाण्यात जिथे जिथे ड्रमवरून हात फिरवत शेवटी त्या जाड आवाजावर यायचं, तिथे तिथे आता उलट्या बाजूला जायला हवं. अंधारात घरात शिरावं आणि कुणीतरी दिव्याचं बटण समोरच्या भिंतीवर नेलेलं असावं, तसं. आणि तेही दोन तासांच्या सरावावर. गालिच्यावर त्या जागी चिकटपट्टीची खूण नव्हती. तिनं खिशातून पट्टी काढून तीन नव्या खुणा केल्या.

कप्तान आला. म्हणाला, “हे काय, ना उजवं ना डावं?”

डावरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की तिकडची मंचाची फळी दबते, म्हणून पिंपाचा पाय घसरला, नवा स्क्रूही टिकायचा नाही. इकडे जमीन सपाट आहे. मग जवळ जाऊन हळू बोलली. आईला ते ऐकू आलं नाही, डावरीनं नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, “आज एवढं माझं ऐका. नाही जमलं तर उद्या त्या दुसऱ्याला बोलवा. त्याचं सामान मी स्वतः लावून देईन.”

कप्तानानं फळीवर पाय आपटून बघितला. फळी चांगली भक्कम होती. मग डावरीकडे बघून म्हणाला, हो, दबते थोडी.

संध्याकाळी सभागृह भरलं. कारखान्यातली माणसं घरच्यांना घेऊन आली होती. आई तिसऱ्याच रांगेत, मांडीवर रिकामा डबा घट्ट धरून. दिवे गेले, मग मंचावरचे आले. डावरीनं काठ्या चार वेळा एकमेकांवर आपटल्या आणि बासकाकांची मान नेहमीसारखी तिच्या बाजूला किंचित वळली. मध्ये काहीच नव्हतं. डाव्या पायातला काळा बूट उघडा दिसत होता. तो खाली गेला, आणि बास त्याच्यावर येऊन बसला.

आईनं मुलीला वाजवताना कितीतरी वेळा बघितलं होतं, पण नेहमी ‘हिला काही होणार तर नाही’ या नजरेनं. त्या दिवशी पहिली दोन गाणी तशीच गेली. तिसऱ्या गाण्यात एक मोठी फेरी होती, सगळ्या ड्रमवरून हात फिरवत पिंपावर संपणारी. डावरीचा हात जुन्या सवयीनं डावीकडे निघाला. आईला ते दिसलं. तिथे नुसती हवा होती. अर्ध्या पळात डावरीनं तोच हात वळवून स्वतःच्या मांडीवर मारला, उजव्या हातानं पलीकडचं पिंप गाठलं आणि फेरी ठेक्यावर पुरी केली. पाय एकदाही चुकला नाही. लोकांना वाटलं हे असंच असतं. मागून शिट्ट्या आल्या. बाबा म्हणाले, मांडीवर वळ उठणार आज.

त्यानंतर तिचा हात चुकला नाही. कप्तान गाताना मागे वळून बघायचा थांबला. मास्तरनं एका गाण्यात गिटारचा तुकडा ठरल्यापेक्षा लांबवला आणि डावरीनं त्याला तो लांबवू दिला. बासकाका शेवटच्या दोन गाण्यांत हसत होते. मिशांखाली हसत होते, त्यामुळे फक्त गाल हलताना दिसत होते. शेवटचं गाणं, ते शाळेच्या सहलीतलं, सुरू झालं तेव्हा माणसं घडीच्या खुर्च्या बाजूला सारून उभी राहिली. आईच्या शेजारची एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली की ड्रमवाली भारी आहे रे. आईला खूप काही सांगावंसं वाटलं. ती नुसती म्हणाली, “माझी आहे.”

त्या बाईला ऐकू गेलं नाही. आईनं पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.

कार्यक्रमानंतर कप्तान आईजवळ आला, काकू, जेवलात का, वगैरे विचारलं. डावरीबद्दल एक शब्द बोलला नाही. पण जाताना त्यानं फोन कानाला लावला आणि कुणाला तरी सांगताना ऐकू आलं की नाही, उद्या नको, पुढचंही धरून ठेवू नकोस, दुसरं काही काम मिळत असेल तर घे. आईनं बाबांचा दंड इतका जोरात धरला की ते म्हणाले, सोड, मला अजून लागतो तो.

बासकाका त्या दिवशी आपली गिटार पुसत बसले होते. आईला वाटलं, यांना कळलं की नाही? आणि कळलं नसेल तर आपल्या मुलीनं केलेलं हे एवढं मोठं काम जगात फक्त आपल्या तिघांनाच ठाऊक राहणार. क्षणभर तिला वाईट वाटलं. बसमध्ये मात्र ती विचार करत राहिली, आणि गाव जवळ आलं तेव्हा तिला वाईट वाटेनासं झालं. हात कुणाचाही चांगला होऊ शकतो, सरावानं होतो. पण स्वतःची बँडमधली जागा पणाला लागलेली असताना, दोष दुसऱ्याचा आहे हे कळल्यावरही, तो फळीवर ढकलायचा, हे हिला कुणी शिकवलं? आपण तर शिकवल्याचं तिला आठवत नव्हतं.

पाचव्या गावाहून फोन आला तो हसण्यानंच सुरू झाला. झालं असं होतं की डावरी गाडीतून सामान घेऊन मंचावर गेली तर बासकाका आधीच तिथे होते. आपला कपाटाएवढा स्पीकर त्यांनी एकट्यानं ढकलत मंचाच्या दुसऱ्या बाजूला नेला होता, म्हणजे डावरीच्या झांजांच्या बाजूला, जिथून मध्ये पिंप न येता तिचा पाय सरळ दिसतो. कप्तान डोळे मोठे करून बघत होता. एवढ्या वर्षांत कधी बाजू बदलली नव्हती, आज काय झालं, असं त्यानं विचारलं. बासकाका म्हणाले, त्या बाजूला वारा लागत नाही. मग डावरीकडे न बघता म्हणाले, “आणि हो पोरी, ते पिंप ठेव तुझ्या जागेवर. इथली फळी मी बघितली आहे, दबत नाही.”

आई फोनवर इतकी हसली की बाबांना उठून यावं लागलं. हसता हसता तिचे डोळे भरले ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच की काकांना म्हणावं, वारा फार अंगावर घेऊ नका या वयात.

उरलेली गावं झाली. काही कार्यक्रम उत्तम झाले, एक पावसानं निम्म्यावर बंद पडला, एका ठिकाणी मास्तरची तार तुटली आणि डावरीनं एकटीनं ड्रमवर लोकांना खेळवत ठेवलं. बासकाका आता तिला धावतेस म्हणत नसत. जेवताना मात्र म्हणत, कारण ती भराभर जेवते.

दौरा संपवून गाडी दारात आली ती सकाळची वेळ होती. आई गॅलरीतून खाली धावली. बासकाकांनी गालिच्याची गुंडाळी खाली उतरवली, पण डावरीच्या हातात दिली नाही, पुन्हा गाडीत ठेवली. म्हणाले, “हा आता तालमीच्या खोलीत राहील. दरवेळी कुठे वाहून नेतेस?” ती खोली त्यांच्या भावाच्या गोदामाच्या मागे होती आणि तिची किल्ली आजवर फक्त दोघांकडे असे, कप्तानाकडे आणि त्यांच्याकडे. त्यांनी खिशातून नवीन करून घेतलेली किल्ली काढली आणि डावरीपुढे धरली. “मंगळवारी सहाला. आम्ही उशिरा येतो. तू उघड.”

डावरीनं किल्ली घेतली. डाव्या हातानं घेतली. कप्तान पुढच्या सीटवरून म्हणाला, मंगळवारी म्हणजे मंगळवारी, चष्म्याची गिऱ्हाइकं सांगायची नाहीत.

गाडी वळणापर्यंत गेली तरी दोघी तिथेच उभ्या होत्या. डावरीनं किल्ली आईच्या हातावर ठेवली, बघायला. साधी पितळी किल्ली होती, नुकतीच घासलेली, कडा अजून बोटाला लागत होत्या. आईला खूप काही बोलायचं होतं. शाळेतली पेन्सिल, शिपाईदादा, तिसऱ्या गावानंतरचा तो फोन, सगळं एकदम ओठांवर आलं. तिनं किल्ली उलटसुलट करून बघितली आणि लेकीच्या मुठीत परत दाबली.

“हरवशील हं,” ती म्हणाली. “दोरीत ओवून गळ्यात घाल.”

“आई, मी तीस वर्षांची आहे.”

“म्हणूनच सांगतेय,” आई म्हणाली, आणि दोरी शोधायला जिना चढू लागली. खालच्या मजल्यावरचे वकील दार उघडून वर्तमानपत्र उचलत होते. आई तिथे थांबली आणि त्यांनी काहीही विचारलं नव्हतं तरी सांगून मोकळी झाली, “घेतलं बरं का तिला. कायमचं.”

वकील चष्मा सावरत म्हणाले की आम्हाला दिव्यानं आधीच सांगितलं होतं.